पुरुषांच्या सामन्याला गर्दी चौपट, मग टीव्हीवर बायका पुढे कशा?

एप्रिल २०२४ मधले लागोपाठचे दोन दिवस घेऊ. रविवारी, ७ तारखेला, क्लीव्हलँडमध्ये अमेरिकेतल्या महिला कॉलेज बास्केटबॉलचा अंतिम सामना झाला, साउथ कॅरोलायना विरुद्ध आयोवा. दुसऱ्या दिवशी ॲरिझोनातल्या ग्लेंडेलमध्ये पुरुषांचा झाला, यूकॉन विरुद्ध पर्ड्यू. महिलांच्या सामन्याला प्रत्यक्ष हजर होते १८,३०० प्रेक्षक. पुरुषांच्या सामन्याला ७४,४२३. चौपट! पण टीव्हीचे आकडे आले आणि भल्याभल्यांनी भुवया उंचावल्या. महिलांचा सामना सरासरी १ कोटी ८९ लाखांच्या आसपास लोकांनी पाहिला, पुरुषांचा १ कोटी ४८ लाखांनी. असं याआधी कधीच झालं नव्हतं.

ज्यांना भांडायचंच आहे त्यांना इथे दोन्ही बाजूंनी भरपूर दारूगोळा आहे. एक म्हणणार, तिकीट काढून येतो तो खरा प्रेक्षक. दुसरा म्हणणार, देश कुणाला बघतो ते टीव्हीवर कळतं. दोघांचेही आकडे खरे आहेत. आता हे आकडे तयार कसे होतात ते बघू.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण कॉलेजच्या पोरांचा खेळ बघायला सत्तर हजार माणसं जातात हेच आपल्याला पटकन पचत नाही. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामन्याला खेळाडूंचे चार मित्र आणि पीटीचे सर असतात. पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिरात ‘अरे आव्वाज कुणाचा’ म्हणून जी पोरं घसा फोडून ओरडतात, तो आवेश डोळ्यांसमोर आणा. फक्त त्यात कॉलेज सोडून तीस वर्षं झालेले काका, त्यांची बायको, नातवंडं आणि अख्खं गावही मिळवा. अमेरिकेत कितीतरी राज्यांत एनबीए या पुरुषांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा संघच नाही. आयोवात नाही, केंटकीत नाही, कॅन्ससात नाही. तिथे विद्यापीठाचा संघ हाच राज्याचा संघ. कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या सर्वांत वरच्या गटात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, अशी साडेतीनशेच्या वर विद्यापीठं आहेत. बहुतेकांचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ असतात आणि रंग, शुभंकर, घोषणा सगळं एकच असतं. त्यामुळे तुलना आपोआप होते. संस्था तीच, गाव तेच, खेळ तोच, मग गर्दीत एवढा फरक का?

पहिलं उत्तर अगदी रोकडं आहे: इमारत.

पुरुषांची अंतिम फेरी आता बास्केटबॉलच्या सभागृहात होतच नाही. ती अमेरिकन फुटबॉलच्या छतवाल्या स्टेडियममध्ये होते, १९९७ पासून दरवर्षी. मैदानाच्या मधोमध लाकडी कोर्ट मांडायचं आणि भोवती सत्तर हजार खुर्च्या. वरच्या मजल्यावरून खेळाडू मुंगीएवढे दिसतात, लोक शेवटी मोठ्या पडद्याकडेच बघत बसतात, पण हजेरीत मोजले जातात. या प्रथेची बीजं १९६८ मधली. तेव्हा ह्यूस्टन आणि यूसीएलए यांचा सामना ॲस्ट्रोडोममध्ये ठेवला आणि ५२,६९३ लोक आले. इतकी माणसं बास्केटबॉल बघायला येऊ शकतात हे तेव्हा आयोजकांना कळलं.

महिलांची अंतिम फेरी मात्र सहसा अठरा-वीस हजारांच्या नेहमीच्या सभागृहात होते. क्लीव्हलँडमधले १८,३०० म्हणजे हाऊसफुल्ल. कितीजणांना यायचं होतं हे त्या आकड्यावरून कळत नाही. किती खुर्च्या होत्या तेवढंच कळतं. नाट्यगृहाबाहेर फलक लागल्यावर परत गेलेल्यांची नोंद कुठे होते?

मोठी जागा दिली तर काय होतं याचाही दाखला आहे. १५ ऑक्टोबर २०२३ ला आयोवा विद्यापीठाने आपल्या मुलींचा एक सराव सामना चक्क फुटबॉलच्या किनिक स्टेडियममध्ये, उघड्यावर ठेवला. समोर डीपॉल विद्यापीठ. निकाल मोसमात धरला जाणार नव्हता, वाऱ्याने चेंडू हलत होता, आणि ५५,६४६ लोक आले. महिला बास्केटबॉलच्या एका सामन्याला आलेली ही विक्रमी गर्दी. आधीचा विक्रम २००२ च्या अंतिम सामन्याचा होता, २९,६१९. तोही सॅन अँटोनिओच्या अलामोडोममध्ये, म्हणजे पुन्हा मोठ्या छताखालीच झाला होता.

टीव्हीची तुलनाही फार सरळ नाही, हे लगेच सांगायला हवं, नाहीतर एका बाजूची बाजू घेतल्यासारखं होईल. २०२४ मधला महिलांचा अंतिम सामना एबीसीवर, रविवारी दुपारी होता. ही वाहिनी साध्या अँटेनावरही दिसते. पुरुषांचा सोमवारी रात्री उशिरा, केबलवर. पुढच्या वर्षी पुरुषांचा सामना सीबीएस या एबीसीसारख्याच वाहिनीवर आला आणि प्रेक्षक १ कोटी ८१ लाखांवर गेले. महिलांच्या २०२५ च्या अंतिम सामन्याला ८५ लाख होते. म्हणजे २०२४ मध्ये वाहिनी, वेळ आणि केटलिन क्लार्क नावाची एक मुलगी, हे तिन्ही एकत्र आलं होतं. तिच्याकडे येतोच.

दुसरी गोष्ट कंटाळवाणी वाटेल, पण तिच्यावाचून पुढे जाता येत नाही: गर्दी मोजतात कशी?

सामन्याच्या मध्यात निवेदक जो आकडा जाहीर करतो तो बहुतेक ठिकाणी विकलेल्या आणि वाटलेल्या तिकिटांचा असतो. दारावर स्कॅन झालेल्या तिकिटांचा आकडा वेगळा आणि बऱ्याचदा बराच कमी असतो. पुरुषांच्या मोठ्या संघांकडे सीझन तिकिटांचा, म्हणजे अख्ख्या मोसमासाठी एकदम घेतलेल्या तिकिटांचा, गठ्ठा असतो. ती तिकिटं कंपन्या घेतात, जुनी घराणी घेतात. अनेक विद्यापीठांत चांगली खुर्ची हवी असेल तर आधी क्रीडानिधीला देणगी द्यावी लागते. खुर्ची सोडली तर रांगेतला नंबर जातो, म्हणून माणूस दरवर्षी पैसे भरतो, आणि डिसेंबरातल्या गारठ्यात एखाद्या दुबळ्या संघाविरुद्धचा सामना असला की घरीच बसतो. कागदावर तो हजर असतो. टीव्हीच्या कॅमेऱ्यात मात्र रिकाम्या निळ्या-लाल खुर्च्या दिसतात.

महिलांकडेही आकडा फुगवणाऱ्या गोष्टी आहेत. कामाच्या दिवशी सकाळी अकराला सामना ठेवायचा आणि आसपासच्या शाळांतली हजारो मुलं बसने आणायची, ही तिथली रुळलेली पद्धत आहे. सभागृहात कानठळ्या बसतील असा गोंगाट असतो, मोसमाची सरासरी वर जाते. त्यातली किती मुलं पुढच्या सामन्याला आईवडिलांना घेऊन येतात हा प्रश्न निराळा. मला स्वतःला हा उद्योग आवडतो, पण सरासरी वाचताना तो लक्षात ठेवावा.

आणि सरासरी हा प्रकारच इथे फसवा आहे. डिव्हिजन वनमध्ये पुरुषांच्या सामन्याची सरासरी चार-पाच हजारांच्या घरात असते आणि महिलांची दोन हजारांच्या आत. हे वाचून वाटतं की प्रत्येक विद्यापीठात साधारण असाच फरक असेल. तसं नाही. केंटकी, कॅन्सस, नॉर्थ कॅरोलायना अशा पाच-पंचवीस ठिकाणी पुरुषांसाठी पंधरा-वीस हजार येतात, आणि शेकडो छोट्या विद्यापीठांत पुरुषांनाही हजार-दीड हजार माणसं मिळायची मारामार. महिलांकडे ही दरी आणखी खोल. मोजक्या ठिकाणी दहा ते सोळा हजार, बाकी बहुतेक ठिकाणी काहीशे. मुलींच्या खेळाला गर्दी होत नाही, असं सरसकट म्हणता येत नाही. काही गावांत ती तुफान होते आणि पुष्कळ गावांत जवळजवळ होतच नाही. मग त्या काही गावांत असं काय आहे?

त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. बास्केटबॉलचा जन्म डिसेंबर १८९१ मधला, स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीएमध्ये. पुढच्याच वर्षी जवळच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने मुलींना तो शिकवला. १८९३ मध्ये तिथे मुलींचा पहिला सामना झाला तेव्हा पुरुषांना आत प्रवेश नव्हता. मुली घाम गाळत धावताना परपुरुषांनी बघणं त्या काळी अशोभनीय होतं. १८९६ मध्ये स्टॅनफर्ड आणि बर्कलीच्या मुलींमध्ये दोन कॉलेजांमधला पहिला सामना झाला (स्टॅनफर्ड २–१ ने जिंकलं, हो, दोन विरुद्ध एक), तोही फक्त बायकांसमोर. थोडक्यात, मुलांच्या खेळाने पहिल्यापासून प्रेक्षक गोळा करायला सुरुवात केली तेव्हा मुलींच्या खेळाचे दरवाजे प्रेक्षकांसाठी मुद्दाम अर्धे बंद होते.

पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा १९३९ पासून आहे. शिक्षणात लिंगभेद करणाऱ्या संस्थांना केंद्राचा पैसा मिळणार नाही असं सांगणारा ‘टायटल नाइन’ हा कायदा १९७२ मध्ये आला, आणि एनसीएएची महिलांची स्पर्धा सुरू व्हायला १९८२ उजाडलं. त्रेचाळीस वर्षांचा फरक. तेवढ्या काळात पुरुषांच्या बाजूला दोन पिढ्यांची सीझन तिकिटं, रेडिओवरचे आवाज, आजोबांनी नातवाला सांगितलेले किस्से, सगळं साचून झालं होतं. पॅट समिट १९७४ मध्ये टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाची प्रशिक्षक झाली तेव्हा बावीस वर्षांची होती. पगार महिना २५० डॉलर. संघाची गाडी तीच चालवायची आणि कपडेही तीच धुवायची. १९८७ मध्ये टेनेसीला नवं अवाढव्य सभागृह मिळालं आणि त्याच वर्षी तिच्या संघाचा टेक्ससविरुद्धचा सामना बघायला २४ हजारांहून जास्त लोक आले. मधली तेरा वर्षं ती गावोगाव भाषणं देत, क्लबांत जेवणावळी झोडत, सामने जिंकत माणसं जोडत होती. २०१२ मध्ये निवृत्त झाली तेव्हा नावावर आठ राष्ट्रीय विजेतेपदं होती.

आयोवाची गोष्ट तर त्याहून गमतीची आहे. केटलिन क्लार्कमुळे आयोवात गर्दी झाली असं सगळे म्हणतात. खरं आहे, पण अर्धंच. आयोवातल्या छोट्या गावांत मुलींच्या शालेय बास्केटबॉलचं वेड शंभर वर्षांचं आहे. तिथे ‘सिक्स ऑन सिक्स’ नावाचा वेगळाच खेळ चालायचा. प्रत्येक बाजूला सहा मुली, त्यातल्या तिघींनी फक्त गुण करायचे आणि तिघींनी फक्त बचाव करायचा. मधली रेघ कुणी ओलांडायची नाही, चेंडू दोनदाच आपटायचा. आज वाचायला विचित्र वाटतं, पण राज्य स्पर्धेला डे मॉइनचं सभागृह खच्चून भरायचं आणि टीव्हीवर प्रक्षेपण व्हायचं. १९६८ च्या अंतिम सामन्यात युनियन-व्हिटनने एव्हर्लीला ११३–१०७ असं हरवलं. त्यातल्या डेनिस लाँगला पुढच्या वर्षी पुरुषांच्या एनबीए संघाने, सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सने, ड्राफ्टमध्ये निवडलं. १९९३ मध्ये हा खेळ बंद झाला आणि सगळीकडे पाच-पाच मुलींचा नेहमीचा खेळ आला.

या जमिनीवर आयोवा विद्यापीठात क्रिस्टीन ग्रँट या बाईंनी महिला क्रीडा विभाग उभा केला. १९७३ पासून २००० पर्यंत त्या प्रमुख होत्या. ३ फेब्रुवारी १९८५ ला ओहायो स्टेटविरुद्धच्या सामन्याला कार्व्हर-हॉकाय सभागृहात २२,१५७ माणसं घुसली. खुर्च्या पंधरा हजारांच्या आसपास! लोक जिन्यांवर, वाटांवर, जिथे पाय ठेवायला जागा तिथे. आग लागली असती तर काय झालं असतं म्हणून अग्निशमन खात्याची तंबीही आली. क्लार्कचा जन्म यानंतर सतरा वर्षांनी झाला. ती वेस्ट डे मॉइनची, म्हणजे घरचीच. ती आली तेव्हा मुलींच्या सामन्याला जायची सवय त्या राज्याच्या आजीआजोबांना आधीपासून होती.

तिने काय केलं तर ती सवय देशभर नेली. २०२३–२४ च्या मोसमात आयोवाची सीझन तिकिटं सुरू होण्याआधीच संपली होती आणि त्याच इमारतीत पुरुष संघाला तेवढी गर्दी नव्हती. मोठा बदल दिसला तो परगावी. जानेवारी २०२४ मध्ये ओहायो स्टेटच्या घरी १८,६६० लोक आले. यजमान जादा वेळेत १००–९२ ने जिंकले, प्रेक्षक कोर्टवर धावले आणि त्या गोंधळात एक जण क्लार्कवरच आदळला. मार्चमध्ये तिने पीट मॅराविचचा ३,६६७ गुणांचा जुना विक्रम मोडला, पुरुषांचा. तिची कॉलेजातली कारकीर्द संपली तेव्हा आकडा ३,९५१ होता.

ती चार वर्षं तिथे टिकली, यातही एक नियम दडलेला आहे. एनबीएत एकोणीस वर्षांचा मुलगा जाऊ शकतो, म्हणून पुरुषांकडचे सर्वांत चांगले खेळाडू कॉलेजात जेमतेम एक हिवाळा काढतात. झायन विल्यमसन ड्यूकमध्ये एकच मोसम खेळला. प्रेक्षकाला नाव पाठ होईपर्यंत पोरगा गेलेला असतो. डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगचे नियम मुलींना साधारण बावीस वर्षांपर्यंत थांबवतात. त्यांच्यावर हा अन्याय आहे असं म्हणता येईल, कमाईच्या दृष्टीने आहेच. पण प्रेक्षकाच्या बाजूने बघितलं तर पहिल्या वर्षी बुजलेली मुलगी चौथ्या वर्षी कप्तान झालेली त्याला दिसते. तिकीट दरवर्षी पुन्हा घ्यायला याहून चांगलं कारण काय असणार?

साउथ कॅरोलायनाचं उदाहरण मला आयोवापेक्षाही बोलकं वाटतं, कारण तिथे ना शंभर वर्षांचं वेड होतं ना एकटी क्लार्क. कोलंबिया शहरात १८ हजारांचं सभागृह आहे, दोन्ही संघांचं मिळून. २००८ मध्ये डॉन स्टेली प्रशिक्षक म्हणून आली तेव्हा मुलींच्या सामन्यांना वरचे मजले ओस असायचे. तिने जिंकायला सुरुवात केली, पण त्याच्या जोडीने शहरात मिसळणं सुरू ठेवलं: सामन्यानंतर थांबायचं, प्रेक्षकांशी बोलायचं, चर्चपासून केशकर्तनालयापर्यंत सगळीकडे ओळखी ठेवायच्या. तिकिटं स्वस्त ठेवली. २०१४–१५ पासून महिला बास्केटबॉलच्या हजेरीत हे विद्यापीठ वर्षानुवर्षं देशात पहिलं आहे. २०२३–२४ ची सरासरी १६ हजारांच्या वर होती आणि पुरुष संघ मागे. त्याच खुर्च्या, त्याच पार्किंगची कटकट, तेच राज्य. तिथे जाऊन कुणी म्हणून दाखवावं की लोकांना मुळात पुरुषांचाच खेळ आवडतो.

राहिला पैसा. २०२१ मध्ये कोविडमुळे दोन्ही स्पर्धा एकेका शहराच्या परिसरात बंदिस्त होत्या, तेव्हा ओरेगन विद्यापीठाची खेळाडू सेडोना प्रिन्स हिने एक छोटा व्हिडिओ टाकला. पुरुषांना अख्खी व्यायामशाळा, महिलांना डंबेलची एक घडवंची. त्यावरून जो गदारोळ झाला त्यात एनसीएएला बाहेरच्या वकिलांकडून चौकशी करून घ्यावी लागली. अहवालात निघालेली गोष्ट डंबेलपेक्षा गंभीर होती. ‘मार्च मॅडनेस’ हे नाव फक्त पुरुषांच्या स्पर्धेला वापरलं जात होतं. महिलांच्या स्पर्धेचे प्रक्षेपण हक्क इतर दोन डझनांहून जास्त खेळांच्या गाठोड्यात बांधून विकले होते, आणि ते सुटे विकले तर २०२५ मध्ये वर्षाला ८ ते ११ कोटी डॉलर मिळतील असा अंदाज अहवालाने दिला. जानेवारी २०२४ मधल्या नव्या करारातही गाठोडं राहिलंच, पण त्यात महिला बास्केटबॉलची किंमत वर्षाला सुमारे साडेसहा कोटी डॉलर धरली गेली. पुरुषांच्या स्पर्धेचे हक्क वर्षाला एक अब्जाच्या वर जातात.

याचा खुर्च्यांशी संबंध असा. पुरुषांचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत जितके सामने खेळेल तितका पैसा तो ज्या विद्यापीठांच्या गटात (कॉन्फरन्समध्ये) खेळतो त्या गटाला मिळतो, १९९१ पासून. त्यामुळे विद्यापीठाला तिथे प्रशिक्षक, जाहिरात, तिकीट विकणारी माणसं यांवर खर्च करणं परवडतं. महिला संघ स्पर्धा जिंकून आला तरी या खात्यात शून्य जमा व्हायचं. २०२५ मध्ये पहिल्यांदा महिलांसाठीही असा निधी सुरू झाला, दीड कोटी डॉलरपासून. जिथे जिंकल्यावर काहीच हाती लागत नाही तिथे एखादा कुलगुरू तिकीट विक्रीसाठी माणूस का नेमेल? आणि माणूस नेमला नाही तर गर्दी कुठून येईल? मग गर्दी नाही म्हणून हक्क स्वस्त, हक्क स्वस्त म्हणून पैसा नाही.

क्लार्क २०२४ मध्ये व्यावसायिक खेळाकडे गेली. तेव्हा बऱ्याच जणांनी, त्यात मीही धरा, असं गृहीत धरलं होतं की आता फुगा फुटणार. टीव्हीवर फुटलाही; अंतिम सामन्याचे प्रेक्षक निम्म्याहून खाली आले. आयोवा सिटीत मात्र २०२४–२५ ची सीझन तिकिटं मोसम सुरू होण्याआधीच संपली, आणि या वेळी विकायला क्लार्क नव्हती.